थिबा राजाचा वाडा कोणाची गोष्ट सांगतो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातवाला घेऊन मी थिबा राजाचा वाडा दाखवायला गेलो. बाहेरून कोणी आले की त्याला रत्नदुर्ग, टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि थिबा पॅलेस दाखवून आणायचा, हा आम्हा रत्नागिरीकरांच्या घरातला ठरलेला क्रम आहे. माझ्या वडिलांनी तो पाळला, मी पाळतो. वाड्यासमोर उभे राहून नातवाने विचारले,

"आजोबा, हा रत्नागिरीचा राजा होता का?"

"नाही रे. ब्रह्मदेशाचा."

"मग तो इथं पाहुणा आला होता?"

मी "हो" म्हणणार होतो. पण थांबलो. पाहुणा चार दिवस राहतो आणि आपल्या घरी परत जातो. हा राजा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इथे आला आणि सत्तावन्नाव्या वर्षी इथेच गेला. बरे, 'कैदी' म्हणावे तर समोर उभी असलेली इमारत तुरुंगासारखी मुळीच दिसत नाही. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, त्यांना रंगीत काचा, खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र. नऊ वर्षांच्या मुलाला हे कसे समजावून सांगायचे? त्या दिवशी मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि विचार करता करता लक्षात आले, की हा प्रश्न एका मुलाचा नाही. तो आपल्या सगळ्यांचाच आहे.

राजे गेले आणि त्यांचे वाडे संग्रहालये झाले, ही गोष्ट जगात काही नवी नाही. पॅरिसचा लूव्हर राजवाडा फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, लोकांसाठी खुला झाला. रशियात झारचा हिवाळी राजवाडा १९१७ नंतर संग्रहालयाचाच भाग बनला. आपल्याकडे कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यात जाऊन छत्रपतींच्या वस्तू न पाहिलेले मराठी कुटुंब विरळाच असेल. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले. त्यानंतर कित्येक वाड्यांना एक तर हॉटेल व्हावे लागले किंवा संग्रहालय. अगदी अलीकडचे उदाहरण शेजारच्या नेपाळचे आहे. २००८ मध्ये तिथली राजेशाही संपली आणि काठमांडूचा नारायणहिटी राजवाडा पुढच्याच वर्षी संग्रहालय झाला. १ जून २००१ च्या रात्री राजा वीरेंद्र आणि त्यांचे कुटुंबीय ज्या आवारात मारले गेले, तिथे आता लोक तिकीट काढून फिरतात.

या सर्व ठिकाणी पाहणाऱ्याच्या मनात एकच भावना असते. कालपर्यंत जिथे आपल्याला दरवाज्यापाशी अडवले असते, तिथे आज आपण चपला घालून हिंडतो आहोत. राजाचे होते ते रयतेचे झाले. लोकशाहीची ही एक साधी, डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

रत्नागिरीच्या वाड्याला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. हा वाडा कोणत्याही राजाने सत्तेच्या बळावर बांधलेला नाही. तो इंग्रज सरकारने आपल्या कैद्यासाठी बांधला. इथे दरबार भरला नाही, इथून कोणताही हुकूम सुटला नाही. ज्या रयतेचा हा राजा होता, ती समुद्रापलीकडे शेकडो मैलांवर होती. त्यामुळे हा वाडा लोकांसाठी खुला झाला तेव्हा 'आपल्याला' नेमके काय मिळाले, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

थिबा हा मिंडॉन राजाचा मुलगा. मिंडॉनने १८५७ मध्ये मंडाले नगरीची स्थापना केली आणि तिथे सागवानी राजवाडा उभारला. त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये थिबा गादीवर आला तेव्हा त्याचे वय वीसही नव्हते. गादी सुरक्षित राहावी म्हणून १८७९ मध्ये राजघराण्यातल्या सुमारे ऐंशी जणांची हत्या करण्यात आली. ती खुद्द थिबाने करवली, की राणी सुपयालत आणि तिच्या आईने, यावर इतिहासकार वाद घालतात. पण ती झाली त्याच्याच राज्यात. आपल्या मातीत विसावलेला राजा म्हणून त्याच्याविषयी आपल्याला माया वाटते, ते ठीकच आहे. पण त्या मायेपोटी हे पान फाडून टाकण्याचे कारण नाही.

इंग्रजांनी पुढे या हत्याकांडाचा गाजावाजा केला, तो मात्र न्यायबुद्धीने नव्हे. त्यांना उत्तर ब्रह्मदेशातले सागवान हवे होते, चीनकडे जाणारा व्यापाराचा मार्ग हवा होता आणि फ्रेंचांचा तिथे शिरकाव होऊ द्यायचा नव्हता. निमित्त मिळाले ते एका लाकूड कंपनीचे. १८६३ मध्ये आपल्या मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांच्या फौजा इरावती नदीतून बोटींनी वर सरकल्या आणि पंधरवड्याच्या आत युद्ध संपलेसुद्धा. राजा-राणीला बैलगाडीत बसवून राजवाड्यातून नदीकाठी आणण्यात आले. रस्त्याच्या दुतर्फा रयत रडत उभी होती. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली.

राजाला आधी मद्रासला नेले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. रत्नागिरीच का? कारण सरळ आहे. इथे रेल्वे नव्हती. घाटरस्ते अवघड होते. पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद. माणसाला जगापासून तोडून ठेवायचे तर याहून चांगली जागा मिळणे कठीण. आमच्या जिल्ह्याचे मागासलेपण असे साम्राज्याच्या उपयोगी पडले. पुढे १९२४ मध्ये सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवायची वेळ आली, तेव्हाही सरकारने हाच जिल्हा निवडला. ज्या गैरसोयीमुळे राजा इथे आला ती गैरसोय दूर व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली.

आता एक गोष्ट पाहुण्यांना सांगितली की ते चकित होतात. थिबा राजा या वाड्यात अवघी सहा वर्षे राहिला. त्याच्या एकूण तीस वर्षांच्या रत्नागिरीतल्या मुक्कामापैकी सुमारे चोवीस वर्षे त्याने बंगल्यांमध्ये काढली. कुटुंब वाढत होते. चार मुलींपैकी थोरल्या दोघी मंडालेहून आल्या होत्या, तिसरी मद्रासला जन्मली आणि चौथी इथे रत्नागिरीत. बाहेर जायचे तर परवानगी, कोणी भेटायला यायचे तर परवानगी, पत्रांवर पाळत. मिळणाऱ्या तनख्यात राजेशाही इतमाम भागत नव्हता. बरोबर आणलेली माणके आणि दागिने एकेक करून विकले गेले, कर्जे झाली. सरकारकडे अर्जामागून अर्ज गेले. शेवटी १९१० मध्ये हा वाडा बांधून झाला आणि कुटुंब तिथे राहायला आले. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, धाकटी राणी वारली आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा. म्हणून आज या वाड्यात राजाच्या खासगी वस्तूंची रेलचेल शोधू नये. जे होते ते बरेचसे त्याच्या हयातीतच सावकारांच्या आणि जवाहिऱ्यांच्या घरी गेले.

आता १९१० या सालाकडे जरा थांबून पाहू. ज्या वर्षी ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीतल्या नव्या वाड्यात राहायला आला, त्याच वर्षी रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते १९०८ मध्ये तिथे गेले आणि १९१४ मध्ये सुटले. 'गीतारहस्य' त्यांनी लिहिले ते १९१०-११ च्या हिवाळ्यात. हे आपण शाळेत शिकलेले असतो. पण तो तुरुंग मंडालेत नेमका कुठे होता, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. तो होता थिबाच्या राजवाड्याच्या तटबंदीच्या आत. मंडालेचा राजवाडा म्हणजे एक चौकोनी नगरीच. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांबीची, चारी बाजूंनी तट आणि खंदक. राजाला बाहेर काढल्यावर इंग्रजांनी तिला 'फोर्ट डफरिन' असे आपल्या व्हाइसरॉयचे नाव दिले, आत लष्कर वसवले आणि तिथेच तुरुंग बांधला. पुढे सुभाषबाबूंनाही तिथे ठेवण्यात आले.

म्हणजे मंडालेचा धनी रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र त्या धन्याच्या अंगणात, असा हा अदलाबदलीचा व्यवहार होता. हा योगायोग आहे, पण नुसता योगायोगही नाही. माणसाला त्याच्या माणसांपासून, भाषेपासून, हवापाण्यापासून तोडले की तो निम्मा मरतो, हे साम्राज्याला पक्के ठाऊक होते. १८५८ मध्ये बहादूरशहा जफरला त्याने दिल्लीहून रंगूनला नेले होते आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला. त्याची कबर कोणाला सापडू नये अशी व्यवस्था केली गेली. ती नेमकी जागा सापडली १९९१ मध्ये, तिथे खोदकाम चालू असताना. एक बादशहा पूर्वेला, एक राजा पश्चिमेला. दोन्ही कबरी आजही परक्या मुलखात आहेत.

थिबाच्या कबरीची कथा अशीच आहे. राजा वारल्यावर राणीने हट्ट धरला, की त्याचा आणि धाकट्या राणीचा देह ब्रह्मदेशला नेऊ द्या. सरकारने नकार दिला. देह वाड्याच्या आवारातच पेटीत ठेवलेले होते. अखेर १९१९ मध्ये दोघांना रत्नागिरीतच पुरण्यात आले. आज शिवाजीनगर भागात, वस्तीला लागून, ही समाधी आहे. त्याच वर्षी कुटुंबाला ब्रह्मदेशला परतण्याची परवानगी मिळाली, पण मंडालेला नाही, रंगूनला. राणी सुपयालत १९२५ मध्ये तिथे वारली. तिलाही मंडालेच्या मातीत जागा मिळाली नाही.

आणि आता ती गोष्ट, जी आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका आवाज खाली आणून सांगत. थोरल्या राजकन्येचे मन वाड्याचा पहारेकरी गोपाळ सावंत याच्यावर बसले. तो विवाहित होता. १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव टूटू. १९१९ मध्ये कुटुंबाबरोबर थोरली राजकन्या मुलीला घेऊन ब्रह्मदेशला गेली खरी, पण तिथे तिचे मन रमले नाही. ती रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू इथे वाढली, इथल्याच मराठी माणसाशी तिचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. तिची भाषा मराठी, राहणी आपल्या कोणत्याही गरीब शेजारणीसारखी. मिंडॉन राजाची ही पणती कष्टाने संसार करत राहिली आणि २००० साली रत्नागिरीतच वारली.

माझी आजी टूटूचा विषय निघाला की म्हणायची, "राजाची नात गं ती, पण कधी कुणापाशी हात पसरला नाही." यात कौतुक होते, आणि खरे सांगायचे तर थोडे समाधानही होते. राजघराणे आपल्यासारखेच गरीब झाले, याचे समाधान. आम्ही रत्नागिरीकरांनी राजाविषयी माया बाळगली, पण त्याच्या नातीला आम्ही काय दिले, हा प्रश्न आमच्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारला. मीही विचारला नाही. २००० मध्येच अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली आणि या राजाच्या वनवासाची कथा जगभर पोचली. २०१२ मध्ये सुधा शहा यांनी या कुटुंबाचा साद्यंत इतिहास इंग्रजीत लिहिला. आपल्या दारातली गोष्ट आपल्याला बाहेरून कळली, हे नोंदवून ठेवलेले बरे.

इकडे वाड्याचे असे झाले. तिकडे मूळ राजवाड्याचे काय? त्याची कहाणी आजच्या राजकारणाशी जास्त जवळची आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी आधी तिथल्या दालनांत आपला क्लब थाटला. १९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झन तिथे गेला. त्याला जुन्या इमारतींची आस्था होती. त्याने क्लब बाहेर काढायला लावला आणि राजवाडा जतन करण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा जपान्यांच्या ताब्यात गेला. मार्च १९४५ मध्ये इंग्रज फौजांनी मंडाले परत घेताना झालेल्या भडिमारात जवळजवळ सगळा सागवानी राजवाडा जळून गेला. वाचला तो एक भाग, श्वेनांदॉ मठ. तोही का वाचला? मिंडॉन ज्या दालनात वारला ते दालन थिबाने उचकटून तटाबाहेर हलवले आणि त्याचा मठ केला होता म्हणून.

त्यानंतर १९९० च्या दशकात ब्रह्मदेशच्या लष्करी राजवटीने राजवाडा पुन्हा उभारला. बाहेरून जुन्यासारखा, पण बांधकामात काँक्रीट आणि पत्रा. त्या काळात खंदकाच्या कामासाठी सामान्य लोकांना वेठीला धरल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. आणि तटाच्या आत आजही लष्कराचा तळ आहे. म्हणजे संग्रहालय पाहायला जायचे ते छावणीतून. इंग्रजांनी राजाला काढून जिथे फौज बसवली तिथे आज स्वदेशी फौज बसलेली आहे, एवढाच फरक. २८ मार्च २०२५ रोजी मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो माणसे दगावली आणि या जुन्या तटाचीही पडझड झाली. त्याच दिवशी काठमांडूत राजेशाही परत आणा म्हणून निघालेल्या मोर्चात हिंसाचार होऊन दोघांचा बळी गेला. राजे गेले तरी राजवाड्यांचे राजकारण संपत नाही, हे त्या एका दिवसाने दोन देशांत दाखवले.

म्हणूनच रत्नागिरीच्या समाधीवर कोण येते आणि का येते, याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. देशाचा प्रमुख इतक्या वर्षांनी राजाच्या समाधीवर आला याचे आम्हाला अप्रूप वाटले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. त्या वेळच्या सोहळ्याला घराण्याचे वंशज आले, उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आले आणि सरसेनापती मिन आँग हलाइंगही आले. भिक्षूंनी मंत्रपठण केले. सगळे कसे भक्तिभावाने झाले.

चार वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, याच सरसेनापतींनी निवडून आलेले सरकार उलथून सत्ता हातात घेतली आणि याच म्यिंट स्वे यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष केले. त्यानंतर त्या देशात यादवी पेटली, लाखो लोक बेघर झाले. ज्या माणसाने शंभर वर्षांपूर्वीच्या राजबंद्यापुढे मान झुकवली त्यानेच आपल्या देशातल्या निवडून आलेल्या नेत्यांना कैदेत टाकले. मेलेल्या राजाचा मान राखणे सोपे असते. तो काही मागत नाही, मतदान करत नाही, मोर्चे काढत नाही.

राजाचे अवशेष ब्रह्मदेशला परत न्यावेत, असा विषय अधूनमधून निघतो. माझे मन याबाबत बराच काळ दोलायमान होते. एका बाजूला वाटे, की जी मागणी राणीने केली आणि इंग्रजांनी नाकारली ती स्वतंत्र भारताने आनंदाने पुरी करावी. आपणही वाघनखांसाठी हळवे होतोच. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा केवढी गर्दी लोटली! ती आली आहेत तीन वर्षांच्या बोलीवर, तरी आपल्याला भरून आले. गंमत अशी, की मंडालेच्या राजवाड्यातून नेलेली राजचिन्हेही त्याच लंडनच्या संग्रहालयात होती. ती १९६४ मध्ये ब्रह्मदेशला परत मिळाली आणि त्या देशाने कृतज्ञतेपोटी त्यातले एक रत्नजडित पात्र संग्रहालयाला भेट दिले. थिबाचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवलेले होते. तेही १९४८ मध्ये, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा, परत गेले. वस्तू परत जाऊ शकतात, तर राजा का नाही?

पण दुसरी बाजूही आहे. सिंहासन परत गेले ते स्वतंत्र झालेल्या लोकांकडे. आज राजाला परत पाठवायचे म्हणजे कोणाच्या हाती सोपवायचे? ज्यांची गादी बंदुकीच्या आधारावर उभी आहे त्यांना राजाच्या मिरवणुकीइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. घराण्यातले वंशज, मंडालेचे नागरिक, तिथले भिक्षू यांना मोकळेपणाने बोलता येईल, तेव्हा त्यांनी मागावे आणि आपण द्यावे. आणि त्या वेळी टूटूच्या, म्हणजे आपल्याच गावातल्या, लेकरांनाही विचारावे. कारण या राजाचा वंश अर्धा इरावतीचा असला तरी अर्धा काजळी नदीचाही आहे.

तोपर्यंत आपले काम काय? इथे मी पुन्हा वाड्याकडे येतो. राज्य पुरातत्त्व विभागाचे प्रादेशिक संग्रहालय आज या वास्तूत आहे. कोकणातल्या शिल्पांना आणि जुन्या वस्तूंना घर हवे होते, ते मिळाले. पण ही वास्तू स्वतःच एक प्रदर्शनीय वस्तू आहे, किंबहुना सर्वांत मोठी वस्तू तीच आहे. इंग्रजांनी बांधलेला सोन्याचा पिंजरा पाहायचा तर तो देशात इतक्या सुस्थितीत इतरत्र क्वचितच सापडेल. अशा घरातल्या प्रत्येक भिंतीने तीन गोष्टी सांगाव्यात असे मला वाटते. पहिली राजाची, त्याच्या राज्यातल्या रक्तपातासकट आणि त्याच्या तीस वर्षांच्या एकाकीपणासकट. दुसरी अदलाबदलीची. इथे राजा असताना तिथे टिळक होते, हे मंडालेच्या नकाशावर तुरुंगाची जागा दाखवून मुलांना सांगता येईल. आणि तिसरी टूटूची. राजवाड्यांच्या संग्रहालयांत तलवारी असतात, पालख्या असतात, शिकारीत मारलेले वाघ असतात. पहारेकऱ्याच्या मुलीची गोष्ट कुठेही नसते. ती सांगण्याचा हक्क आणि जबाबदारी जगात फक्त एकाच वाड्याची आहे.

यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. सागवानाच्या व्यापाराची, जहाजांच्या प्रवासाची, राजाने केलेल्या अर्जांची कागदपत्रे सरकारी दप्तरांत आहेत. ती मराठीत आणावीत. रत्नागिरीच्या शाळांतली मुले ती वाचतील आणि येणाऱ्या पर्यटकांना सांगतील. आंब्याच्या पेटीबरोबर गावाची एक खरी गोष्टही बाहेरगावी गेली तर त्यात वाईट काय?

दिवाळीत नातू पुन्हा आला. आल्या आल्या त्याने नाही, मीच विषय काढला.

"अरे, त्या दिवशी तू विचारलं होतंस ना, राजा पाहुणा होता का म्हणून?"

"हो. मग होता का?"

"पाहुणा नव्हता. दुसऱ्याची ठेव होती आपल्याकडे. कुणीतरी जबरदस्तीनं आणून ठेवलेली."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "पण आजोबा, ठेव परत द्यायची असते ना?"

"हो," मी म्हटले. "आणि देईपर्यंत नीट सांभाळायची असते."